पेवात उतरणारा पाव्हणा

भुजंग आता राहिला नाही, म्हणून त्याचं नाव लिहितो. तो होता तोवर जालन्याच्या मस्तगडात त्याला कोणी नावाने हाक मारली नाही. वाणी, तेली, भट्टीवाले, सगळे त्याला पाव्हणा म्हणत. त्याचं काम पेवात उतरण्याचं. पेवाच्या तोंडाशी माणसाचं नाव घ्यायचं नाही असा रिवाज होता. जमिनीला नाव कळलं की ती ते ठेवून घेते, असं जुनी माणसं सांगत. तोंडाशी घ्यायचं नाही म्हणून बाजारातही घ्यायचं नाही, कारण जिभेला सवय लागते. जमिनीकडे जातो आणि परत येतो, म्हणून पाव्हणा.

मी रामकिसन. वडीगोद्रीहून हमालीसाठी जालन्याला आलो आणि भुजंगाच्या दोरीला लागलो. निजामाचं राज्य जाईपर्यंत त्याची दोरी मीच धरली.

आता पेवं बुजली, म्हणून सांगावं लागतं. पेव म्हणजे जमिनीतली धान्याची कोठी. मस्तगड उंचावर आहे, तिथली पांढरी माती पाणी धरत नाही. त्या मातीत रांजणासारखा खड्डा खणायचा. तोंड एका माणसाचे खांदे जातील एवढं, पोट खोलीएवढं. भिंती शेणाने लिंपायच्या, कडबा लावायचा, आत ज्वारी भरायची, तोंडावर दगडाची फाडी ठेवून वर माती ओढायची. ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. पण कोंडलेली ज्वारी वाफ धरते. ती दिसत नाही. आंबूस वास येतो, तोही पहिल्या श्वासालाच, दुसऱ्या श्वासाला नाक मरतं. मग माणूस खाली बसतो, आणि बसला की उठत नाही.

म्हणून पेव उघडलं की एक रात्र तसंच ठेवायचं. सकाळी कडुलिंबाची पानगच्च फांदी दोरीला बांधून वरखाली करायची. त्याने आतली हवा ढवळली जाते. हे काम सोपं दिसतं, पण खांदे भरून येतात आणि मध्ये थांबता येत नाही. मग दिवा सोडायचा. दिवा तळापर्यंत पेटता राहिला तर माणूस सोडायचा. भुजंगाने यातलं काही कधी टाळलं नाही. शेठ लोक घाई करायचे. तो म्हणायचा, "जल्दी आसंल तर तुम्हीच उतरा."

जाफराबादकडच्या गाड्या ज्वारी घेऊन यायला लागल्या की आमची फेरी सुरू व्हायची. बाजार म्हणजे घरंच होती. पुढे दुकान, मागे चूल, त्यामागे अंगण आणि अंगणात पेव. तेल्याच्या घाण्यावर बैल फिरत असायचा आणि तेलीण वाटेत आमच्या पायांना सांभाळून पेंड वेचायची. गुळवाल्याकडे सासरा तोलायचा, सून बांधायची, दोघं एकमेकांशी बोलत नसत पण काम बराबर चालायचं. प्रत्येक घराचं पेव भुजंगाला आतून माहीत होतं. कोणाची भिंत पोकळ वाजते, कोणाच्या तळाला ओल येते. त्या घरच्या लोकांनी स्वतःचं पेव कधी आतून पाहिलेलं नसे. पेवापाशी आधी तो जायचा, मागून मी दोर घेऊन, आणि माझ्या मागून त्याची बायको झुंबरबाई.

झुंबरबाईचं काम लोकांना कळत नसे. ती तोंडाशी बसायची, डोक्यावरचा पदर एका कानावरून मागे सारायची आणि तो कान पेवाकडे करायची. एवढंच. दिवसभर. शेठ लोकांना ते आवडत नसे, बाई माणूस पेवाशी नको म्हणायचे. भुजंग म्हणायचा, मग मीही नको.

नंदाबाईची फुटाण्याची भट्टी होती. विधवा बाई, दोन सुनांना घेऊन भट्टी चालवायची. तिला बोलल्याशिवाय राहवायचं नाही.

"पाव्हणं, बायकोला बी रोजानं लावलं म्हणं. करती काय ती? बसती!"

"बसती न्हाई, ऐकती," भुजंग म्हणायचा.

"मंग मला बी ठिवा की. मी दिवसभर ह्या दोघींचं ऐकूनच राह्यले."

सुना तोंडाला पदर लावायच्या. झुंबरबाईसुद्धा हसायची. पण भुजंग आत उतरला की ती हसायची नाही आणि कोणाला बोलू द्यायची नाही. वरच्यांनी तोंड उघडायचं नाही, हा भुजंगाचा नियम होता. नंदाबाईसारखी बाईसुद्धा तो पाळायची. तो नियम का, हे सगळ्या मस्तगडाला माहीत होतं. मला भुजंगाने स्वतः सांगितलं.

भुजंगाला मच्छिंद्र नावाचा धाकटा भाऊ होता. दोघं आळीपाळीने उतरत. मापाची सुरुवात बाजारात कोणी 'एक' म्हणून करत नाही, अपशकुन होतो. पहिल्या मापाला लाभ म्हणतात. मग दोन, तीन, पुढे. खालचा माणूस माप टोपलीत ओततो आणि आकडा मोठ्याने सांगतो. टोपली भरली की वर ओढायची. तो आकडा मालकासाठी असतो, पण दोरी धरणाऱ्यासाठी जास्त असतो. आकडा येतोय तोवर माणूस जिवंत आहे.

भुजंग टोपली हलवून दाणा बसवायचा. मच्छिंद्र टोपलीवर थाप मारायचा. थाप, मग आकडा. त्याचं काम डोळे झाकूनही ओळखू यायचं.

बद्रीनाथ वाण्याच्या अंगणात दोन पेवं होती. त्यातल्या मोठ्यात मच्छिंद्र उतरला होता. दोरी भुजंगाच्या हातात. तोंडाशी बद्रीनाथचे वडील, थोरले शेठ. त्यांना प्रत्येक आकडा स्वतः परत म्हणायची सवय होती, म्हणजे हिशेबात चूक नको. खालून थाप आली, सात आलं. शेठ म्हणाले, सात. मग पुढे काही येईना. शेठ म्हणाले, "सात?" खालून आलं, सात. शेठ परत म्हणाले, "सात?" परत खालून सात. शेठ चिडले. "साताला आडकून बसलाय. झोपला काय?" सात, सात, असं दोघांचं चाललं.

भरलेलं पेव आवाज गिळतं. अर्धं रिकामं झालं की पडसाद द्यायला लागतं. मच्छिंद्रने सात एकदाच म्हटलं होतं. पुढची सगळी सातं शेठची होती.

भुजंगाने ओढलं तेव्हा भाऊ थंड व्हायला लागला होता. झुंबरबाई तेव्हा भुजंगाच्या घरात नुकतीच नांदायला आली होती. थोरल्या शेठनी पेवात उरलेली ज्वारी तशीच ठेवली, फाडी लावली, वर माती ओढून त्यावर रिकामी बारदानं रचली. ती ज्वारी कोणी खाल्ली नसतीच. त्यानंतर भुजंग बद्रीनाथच्या लहान पेवात बरेचदा उतरला, पण मोठ्याकडे पाठ करून चालायचा.

"पडसादाला पुढचा आकडा येत न्हाई, रामकिसन," तो मला म्हणाला होता. "आकडा पुढं गेला म्हंजे माणूस हाय. तिथंच राह्यला तर वढ. ईचार करू नको."

मी ते पाठ केलं होतं. पुढे तेच माझ्या आड आलं.

सन अठ्ठेचाळीसच्या भादव्यात बाजार बंद पडला. निजामाचं राज्य राहतं की जातं, हे कोणाला कळत नव्हतं. पलटणी निघाल्या, अमुक गावापर्यंत आल्या, अशा आवया उठायच्या. जे ते घर आपली चीजवस्त लपवत होतं. मस्तगडाच्या दुकानांना फळ्या लागल्या होत्या. घाणा थांबला होता. बैल बांधलेला असायचा. भट्टीला धूर नव्हता. भर दुपारी त्या गल्लीतून चाललं की आपल्याच पायांचा आवाज मागून यायचा. मी काम नसल्यामुळे भुजंगाच्या घरी अंबाडी वळत बसलो होतो. दोर जुना झाला होता, नवा पाहिजे होता.

बद्रीनाथची बायको रमाबाई मागच्या बोळातून आली. अनवाणी. वाण्याच्या घरची बाई आमच्या दारात पहिल्यांदाच आली असेल.

"पाव्हणं, चला. ह्ये पेवात उतरलेत."

"कोणत्या?" भुजंगाने विचारलं.

तिने मान खाली घातली. तिच्याकडे पाहून आम्हाला कळलं. लहान पेव भरलेलं होतं, म्हणजे मोठं.

"कधी उघडलं?"

"आत्ताच. दोघांनी मिळून फाडी सरकवली. म्हणले, तिथं कोणी हात घालणार न्हाई, भांडी तिथंच ठिवू. मी शिडीनं उतरतो, तू वरून दे. मी भांडी आणायला आत गेले. आले तर आतून मोजून राह्यले होते. मला वाटलं, बराबर हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "मंग ध्यानात आलं. पाव्हणं, भांडी तर समदी वरच हायेत. ह्ये मोजून काय राह्यलेत?"

भुजंग उठला. दोन दोर घेतले, घोंगडी घेतली. झुंबरबाई दारात उभी राहिली.

"तिथं न्हाई जायाचं."

"शेठ हाय आत."

"अन् दुसरं कोण हाय?"

त्याने दोर खांद्यावर टाकले. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पदर कमरेला खोचला आणि आमच्या पुढे चालायला लागली.

अंगणात बारदानं फेकलेली होती. फाडी सरकवलेली. पितळेची भांडी आणि काही चांदीची, पोत्यावर नीट मांडून ठेवलेली. उतरून ठेवायला कोणी नसल्यामुळे ती भांडी लग्नघरात असावीत तशी दिसत होती. सवयीने मी आमची टोपलीही सोबत आणली होती, ती पायाशी ठेवली. तोंडातून शिडीची दोन टोकं वर आली होती. आंबूस वास अंगणभर होता. इतक्या वर्षांची सडलेली ज्वारी, त्यात भादव्याची ओल.

भुजंगाने वात पेटवून सोडली. पेवाच्या मानेखाली जाण्याआधीच ती विझली. धूरसुद्धा वर आला नाही.

मग आम्ही ऐकलं.

थाप. चार. थाप. पाच.

आवाज मोठा नव्हता. घाबरलेला नव्हता. कामाचा आवाज होता, श्वास पुरवून काम करणाऱ्या माणसाचा. बद्रीनाथ शेठला दमा होता. गल्ल्यावरून उठून उंबऱ्यापर्यंत आले तरी त्यांची छाती वाजायची.

थाप. सहा. थाप. सात.

मग काही नाही. अंगणात एक माशी भांड्यांवर फिरत होती, तिचा आवाज येत होता. मग परत, थाप, लाभ.

"ह्यांचाच आवाज हाय का हो?" रमाबाई म्हणाली.

"बाई, तुम्ही बोलू नगा," झुंबरबाई म्हणाली.

भुजंगाचा चेहरा मी पाहिला. त्याला फांदी फिरवायला वेळ नव्हता, हे त्याला माहीत होतं. घोंगडी त्याने पेवाच्या तोंडावर चार-सहा वेळा जोरात मारली, तेवढीच काय ती हवा. धोतराचं टोक भिजवून तोंडानाकावर बांधलं. एक दोर काखेखालून छातीला बांधला, गाठ मी तपासली. दुसरा दोर हातात घेतला. "शेठला बांधला की दोर हलवतो," एवढंच म्हणाला. स्वतःला कसं ओढायचं ते बोलला नाही. बोलण्यात श्वास जातो. मग छाती भरून घेतली आणि शिडीवर पाय ठेवला.

मोजणं सुरूच होतं. त्याचं डोकं तोंडाखाली गेलं तेव्हा दोन झाले होते.

ओढण्याचं काम सांगतो. दोर मुठीला गुंडाळायचा नाही, वजन आलं की बोटं जातात. पाठीवरून घ्यायचा, पाय रोवायचे आणि हातांनी नाही, मांड्यांनी ओढायचं. घाई केली तर माणूस भिंतीला लागतो. आम्ही तिघं होतो, मी आणि दोन बाया. रमाबाईने जन्मात दोर धरला नव्हता. तिला मी मागे ठेवलं आणि सांगितलं की मी श्वास सोडला की तुम्ही ओढा.

दुसरा दोर हलला. आम्ही ओढलं. वजन आलं, अडकलं. शेठ शिडीवरच लोंबकळले होते, बरेच वर, एक हात पायरीत अडकलेला. खाली पडले असते तर संपले असते. भुजंगाने तो हात सोडवला असणार, कारण वजन एकदम मोकळं झालं. बद्रीनाथ शेठ ओल्या पोत्यासारखे वर आले. मी त्यांना पालथं घातलं, तोंड बाजूला केलं. नाकाशी हात धरला. श्वास होता. बारीक, पण होता. रमाबाई दोर सोडून त्यांच्यापाशी बसली.

राहिलो मी आणि झुंबरबाई, आणि पहिला दोर.

खालून मोजणं सुरू होतं. थाप, पाच. थाप, सहा. थाप, सात.

मी साताला थांबलो. हात आवळले. आता नाही आलं तर ओढायचं.

थाप. आठ.

माझ्या अंगातला ताण गेला. आकडा पुढे गेला. पडसादाला पुढचा आकडा येत नाही. भुजंगानेच शिकवलेलं, आणि आता तोच मला खालून सांगतोय की मी आहे, असं मला वाटलं. पेवात आवाज मातीचाच होतो, भावाभावांचा तर ओळखूही येत नाही.

"जिवंत हाय, वैनी," मी म्हणालो. "पुढं गेला. दमानं घेऊ. शिडी धरून येऊन राह्यला आसंल."

झुंबरबाई कान देऊन होती. थाप. नऊ.

"वढा," ती म्हणाली.

"अवो, मोजून राह्यलेत ते."

"थाप कशावर मारून राह्यलेत? त्यांच्या हातात टोपली हाय का?"

मी खाली पाहिलं. टोपली माझ्या पायाशी होती.

"अन् त्यांनी आयुष्यात थाप मारली न्हाई," ती म्हणाली. "भावजी हायेत ते. वढा!"

आम्ही ओढलं. मी इतकी वर्षं पोती उचलली, पण तेवढा जोर कधी लावला नाही. तेव्हाही मांड्यांनीच ओढलं, हातांनी ओढलं असतं तर दोर सुटला असता. ती माझ्या मागे होती आणि बाईच्या मानाने नव्हे, हमालाच्या मानाने ओढत होती. पहिल्या ओढीला वजन जागचं हललं नाही. कोणी धरून ठेवावं तसं नाही म्हणणार मी. सडक्या धान्यात पाय रुतले असतील. दुसऱ्या ओढीला सुटलं.

दोर वर येत होता. आकडा खालीच होता. दहा, तो तिथूनच आला, खोलातून. भुजंगाचं डोकं तोंडाशी दिसलं तेव्हा मी त्याच्याकडे पाहत होतो. फडकं नाकातोंडावर बांधलेलं, डोळे मिटलेले, जबडा आवळलेला. आणि खालून, त्याच्या पायांच्याही खालून, थाप आली आणि अकरा आलं.

त्याला अंगणात आडवं केलं. फडकं सोडलं. ओठ निळे झाले होते. श्वास नव्हता. मी छाती दाबली, पाणी मारलं. झुंबरबाईने त्याचे गाल थोपटले, खांदे हलवले. "अहो," ती म्हणाली. "अहो." जुन्या वळणाची बाई, नवऱ्याला हाक मारायला तिच्याकडे तेवढाच शब्द होता. तो आमच्यापासून लांब चालला होता, हे दोघांनाही दिसत होतं.

मग तिने त्याचं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि पेवाच्या उघड्या तोंडाशी.

"भुजंगा!"

त्याची छाती एकदम वर आली. खोकला आला, मग हवा आत गेली, गिरणीच्या पट्ट्यासारखा आवाज करत. डोळे उघडले.

पेवातून तिचाच शब्द परत आला. उघडं तोंड, अर्धं रिकामं पोट, पडसाद येणारच. पण मोजणं थांबलं ते थांबलंच.

बोलता यायला लागल्यावर भुजंगाने पहिलं हेच विचारलं. "कितीवर गेल्ता?"

"अकरा," मी सांगितलं.

त्याने मान हलवली. "म्या तोंड उघडलं न्हाई," तो म्हणाला.

शेठ संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आले. त्यांना आठवत होतं ते शिडीवर पाय ठेवल्याचं, आणि नंतर कोणीतरी जवळ मोजत होतं, त्यामुळे झोप लागू देत नव्हतं, एवढं. त्यांनी पुढे विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेव बुजवायला घेतलं. बाजार बंदच होता, त्यामुळे माणसं मिळाली. माती वाहायची, मुरूम वाहायचा, तोंडातून ओतायचा. मी पाट्या वाहिल्या. भुजंग रस्त्याच्या पलीकडे घाण्याच्या ओट्यावर बसला होता. त्याला जवळ येऊ दिलं नाही. झुंबरबाई मात्र तोंडाशी बसली. पदर कानामागे सारून, रोजच्यासारखी. मुरूम काठापर्यंत येईपर्यंत उठली नाही. शेवटची पाटी मी ओतली तेव्हा तिने हात पुढे करून वरची माती स्वतः थापटून सारखी केली.

"काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"काय न्हाई."

त्या दिवसांत राज्य बदललं. बाजार उघडला. शेठनी दोन्ही पेवं बंद करून वरची वखार बांधली, मग इतरांनीही बांधल्या. भुजंग परत कुठल्याच पेवात उतरला नाही. नंदाबाईच्या भट्टीवर लाकडं फोडायला लागला. नंदाबाई म्हणायची, "पाव्हणं, आता तुम्ही जमिनीवरचे झाले, आता नाव सांगा की." तो हसायचा. झुंबरबाई हसत नसे. तिने गल्लीतल्या प्रत्येकाला बजावलं होतं, पाव्हणाच म्हणायचं. कोणी नवखा नाव घेऊन हाक मारायला लागला तर ती मध्ये पडून भांडायची. लोकांना वाटायचं म्हातारी तापट झाली.

लाकूड फोडण्याचं काम त्याने नीट केलं. गाठीवर घाव घालायचा नाही, गाठीच्या बाजूला घालायचा, हे तो भट्टीवरच्या नव्या माणसांना दाखवायचा. पण अधूनमधून घाव उचललेला असतानाच थांबायचा, मान वळवायचा आणि झुंबरबाईला विचारायचा, "कोणी हाक मारली?"

"कोणी न्हाई."

"बरं," म्हणायचा आणि घाव घालायचा.

हे पुढे वाढलं. त्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी त्याच्याकडे जायचो. अंगणात बाजेवर पडून असायचा. उन्हाने गल्ली ओस, कुठे पान हलत नाही. तो म्हणायचा, "हाक मारून राह्यलं कोणी." झुंबरबाई म्हणायची, न्हाई. थोड्या वेळाने परत. त्याच्या आवाजात भीती नव्हती. कामाला बोलावलेला माणूस विचारतो तसा विचारायचा.

शेवटच्या दिवशी तो उठून बसला. पाय खाली सोडले. छाती भरून घेतली. मी ती छाती भरणं ओळखलं. इतकी वर्षं पेवाच्या तोंडाशी पाहिलं होतं. झुंबरबाईनेही ओळखलं. ती पुढे झाली, त्याला बाजेवर परत निजवलं आणि दोन्ही तळहातांनी त्याचे कान झाकले. घट्ट. तो तिच्याकडे पाहत राहिला. काही वेळाने भरलेली हवा हळूहळू बाहेर आली आणि परत आत गेली नाही.

तिला माझ्याशी बोलायचं होतं, म्हणून बोलली. हात न काढता. "रामकिसन, पेव बुजवलं त्या दिवशी तुम्ही इचारलं व्हतं."

"हां."

"मोजून राह्यले नव्हते भावजी. ह्यांचं नाव घेऊन राह्यले होते. पेवाच्या तोंडाशी म्याच दिलेलं. मुरूम पडत व्हता तरी घेतच व्हते." मग म्हणाली, "हाकेला न्हाई गेले ना ते? कान झाकून मेले. ऐकून न्हाई गेले."

"न्हाई," मी म्हणालो. "ऐकून न्हाई गेले."

लोक यायला लागले. अंघोळ घालायची होती. ती हात काढेना. दोर धरून धरून तिच्या बोटांत जोर राहिला होता. ते हात सोडवायला मला बराच जोर लावावा लागला.